मदत हवी आहे: बाबांच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन, नुसतं नस मोकळी करून की स्क्रू टाकून?

उंबरठा:
नमस्कार. घाई आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. बाबांना लंबार स्टेनोसिस (कमरेच्या मणक्यातली नसांची पोकळी अरुंद होणं) निघालंय, एल४-एल५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, 'सिव्हिअर'. एक सर्जन म्हणतात, छोट्या छेदातून नळी घालून नस मोकळी करू, दुसऱ्या दिवशी चालवू. दुसरे म्हणतात, तेवढ्याने भागणार नाही, स्क्रू-रॉड टाकून मणके जोडावे लागतील. दोघेही अनुभवी, दोघांनी एकच एमआरआय पाहिला. सोमवारी तारीख कळवायची आहे. कोणतं करावं? कृपया 'डॉक्टरांना विचारा' असं लिहू नका, त्यांना विचारूनच इथे आलोय.

पाठराखीण:
वय काय बाबांचं? दुखतं कमरेत की पायात? किती चालू शकतात?

बंडोपंत:
ऑपरेशनच्या वाटेला जाऊ नका. मलाही हेच झालं होतं. एल५-एस१ ची चकती सरकली, डाव्या पायात वीज चमकल्यासारखी कळ यायची. पट्टा बांधला, पडून राहिलो, आपोआप बरं झालं. मणक्याला एकदा हात लावला की माणूस कायमचा आडवा.

पाठराखीण:
बंडोपंत, तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होतात?

बंडोपंत:
पस्तीस. पण मणका तो मणकाच.

पाठराखीण:
नाही हो. सरकलेल्या चकतीचा तुकडा बऱ्याचदा शरीर आपणहून शोषून घेतं, म्हणून तुम्ही सुटलात. स्टेनोसिसमध्ये चकती फुगते, मागचे सांधे वाढतात, आतला पिवळा अस्थिबंध जाड होतो आणि नसांची जागाच कमी होते. ते पट्ट्याने उघडत नाही. सासूबाईंचं हेच ऑपरेशन झालंय, नळीतूनच. स्क्रू नाही. आधी भाजी निवडायलाही उभ्या राहू शकत नव्हत्या, आता निवांत फिरतात. तेच करा.

उंबरठा:
वय ७८. चालवतच नाही, म्हणून तर ऑपरेशन! थोडं चाललं की दोन्ही पाय जड होतात, उजवा जास्त, मग बसावं लागतं. बसलं की ठीक. कंबर पूर्वीपासूनच दुखते, तिचं ते काही बोलत नाहीत.

भूलवणारा:
(निवृत्त भूलतज्ज्ञ आहे, सर्जन नाही, हे आधीच सांगतो.)
बसल्यावरच बरं वाटतं की नुसतं थांबून उभं राहिलं तरी? वाकून ढकलगाडीवर रेलून चालता येतं का? वाकल्यावर मणक्यातली पोकळी जरा रुंदावते, म्हणून स्टेनोसिसवाले वाकून बरंच चालतात, सायकलही चालवतात. उभ्या उभ्याच पोटरी मोकळी होत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांचा विचार करावा लागतो. या वयात दोन्ही एकत्रही असू शकतात. पावलावरची नाडी कोणी तपासली का?
दुसरं, गोळ्या कोणत्या चालू आहेत?

उंबरठा:
बसावंच लागतं. वाकून बरं वाटतं, हो. नाडी पाहिली, चांगली आहे म्हणाले. गोळ्या नेहमीच्याच, बीपी, साखर वगैरे.

भूलवणारा:
'वगैरे'मध्ये काय आहे?

चालता_बोलता:
सगळे ऑपरेशनवरच का घसरलेत? फिजिओथेरपी केली का नीट? १६९ रुग्णांची चाचणी झाली होती, अर्ध्यांना ऑपरेशन, अर्ध्यांना व्यायाम. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. २०१५ साली प्रसिद्ध झाली. गुडघे छातीशी घेणं, पोटाचे स्नायू बळकट करणं, स्थिर सायकल. आधी हे मनापासून करा.

विदागार:
त्याच चाचणीतला पुढचा आकडाही द्या की. व्यायामाच्या गटातल्या ५७ टक्के लोकांनी दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलं. 'सारखेच' याचा अर्थ मग काय लावायचा?

चालता_बोलता:
म्हणजे ४३ टक्के ऑपरेशनवाचून राहिले. पेला अर्धा भरलेलाही आहे.

उंबरठा:
व्यायाम झाले, इंजेक्शनही झालं. काही आठवडे बरं वाटलं, मग होतं तसंच. कृपया मूळ प्रश्नाकडे या. स्क्रू की नाही?

विदागार:
इंजेक्शनचं तसंच होतं. २०१४ च्या ४०० रुग्णांच्या चाचणीत नुसतं बधिर करणारं औषध आणि त्यात स्टेरॉइड मिसळलेलं, यात सहा आठवड्यांनी फारसा फरक नव्हता.
मूळ प्रश्न. स्वीडनमध्ये २४७ जणांवर चाचणी झाली (२०१६): मोकळं करणं विरुद्ध मोकळं करून जोडणं. दोन वर्षांनी जोडलेल्यांना जास्त फायदा नाही. वेळ, रक्तस्राव आणि इस्पितळातला मुक्काम मात्र जास्त. मणका पुढे सरकलेल्यांवर नॉर्वेने २६७ जणांची चाचणी केली (२०२१). तिथेही नुसतं मोकळं करणं कमी पडलं नाही, दोन्ही गटांत दहातले साधारण सात सुधारले. म्हणजे ७८ व्या वर्षी स्क्रू नकोच. विषय संपला.

आत्याबाई_डॉट:
संपला कसा? माझ्या मावशींचा मणका आधीच सरकलेला होता. नुसतं मोकळं केलं, नंतर आणखी सरकला आणि स्क्रूसाठी दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं. सरासरी घेऊन काय करायचंय?
आणि २०१६ सालीच अमेरिकेतली ६६ जणांची चाचणीही आली होती, ती कशी विसरलात? चार वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागलेले, न जोडलेल्यांत ३४ टक्के, जोडलेल्यांत १४.

विदागार:
विसरलो नाही, ती लहान आहे. नॉर्वेच्या चाचणीत हा फरक १२.५ आणि ९ असा बराच कमी होता. शिवाय नॉर्वेत सगळे स्थिर मणक्याचेच होते असंही नाही.

भूलवणारा:
तुमचं दोघांचं चालू द्या, पण धागाकर्त्याने अजून सांगितलेलंच नाही की मणका सरकलाय का! झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये हालचाल कळत नाही. उभं राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून एक्सरे काढलेत का?
आणि 'वगैरे' राहिलंच.

उंबरठा:
रिपोर्टमध्ये 'ग्रेड १ लिस्थेसिस' लिहिलंय. तेच का? वाकून एक्सरे नाही काढले.
गोळ्या: अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, क्लोपिडोग्रेल, प्रोस्टेटची एक, आणि नसेची प्रेगाबालिन.

भूलवणारा:
हो, लिस्थेसिस म्हणजे मणका सरकणंच, ग्रेड १ म्हणजे थोडासा. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) कशासाठी? स्टेंट आहे का, कधी टाकला? मणक्यात रक्ताची गाठ साचली तर नसा दाबल्या जातात, म्हणून ती साधारण आठवडाभर आधी थांबवतात. पण स्टेंट ताजा असेल तर थांबवणंच धोक्याचं. हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं, तुम्ही नाही आणि आम्हीही नाही. प्रेगाबालिनने या वयात तोल जातो, पडतात, तेही बोला.
प्रोस्टेट आहे म्हणून विचारतो: लघवी तुंबणं किंवा जांघेच्या आतल्या, बसायच्या भागाला बधिरपणा असं नवीन काही? तसं असेल तर सोमवारची वाट पाहायची नसते, आजच दाखवायचं.

उंबरठा:
स्टेंटला बरीच वर्षं झाली. लघवीचा त्रास जुनाच, गोळीने आटोक्यात. बधिरपणा नाही, आत्ताच विचारलं, माझ्यावरच चिडले.

बंडोपंत:
लेसरने करतात म्हणे हल्ली, टाकासुद्धा नाही.

पाठराखीण:
बंडोपंत, लेसरने सांध्याचं वाढलेलं हाड नि जाड अस्थिबंध काढून होत नाही. तिथे छोटं ड्रिल आणि चिमटेच लागतात.

विदागार:
शिवाय छेद केवढा यावर ऑपरेशन ठरत नाही. स्क्रूही लहान छेदांतून टाकता येतात. नॉर्वेतच ४३७ जणांवर नस मोकळी करण्याच्या तीन वेगवेगळ्या कमी चिरफाडीच्या पद्धती तपासल्या, दोन वर्षांनी तिन्ही सारख्याच. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलाय ती बरी. आत काय काढणार, काय ठेवणार, हे विचारा.

उंबरठा:
अपडेट. वाकून एक्सरे काढले. मणका पुढे आहे पण हलत नाही. दुसऱ्या सर्जनना स्पष्टच विचारलं, मग स्क्रू का? म्हणाले, मधली पोकळी मोकळी करणं सोपं आहे, पण उजवीकडे नस जिथून बाहेर पडते ते भोकही बुजलंय. ते पुरतं उघडायला मागचा सांधा बराचसा काढावा लागेल, आणि तो काढला की मणके जोडावेच लागतात. पहिले म्हणतात, त्या भोकाला हात लावायची गरज नाही. आता?

आत्याबाई_डॉट:
म्हणजे सरकण्याचा प्रश्नच नव्हता! आपण सगळे भलत्याच गोष्टीवर भांडत होतो.

भूलवणारा:
आता खरा मतभेद कळला. उजव्या पायात नेमकं कुठे दुखतं? ढोबळमानाने, एल४-एल५ च्या भोकात चौथी नस असते, तिची कळ मांडीच्या पुढून गुडघ्याखाली आतल्या बाजूला जाते. त्याच पातळीवर पोकळीत मात्र पाचवी दबते. ती पोटरीच्या बाहेरून पावलावर, अंगठ्याकडे.

उंबरठा:
पोटरीच्या बाहेरून, अंगठ्यापर्यंत. अंगठा वर उचलायची ताकदही जरा कमी आहे.

भूलवणारा:
मग पहिल्या सर्जनच्या बाजूने एक मुद्दा झाला, निकाल नव्हे. एकेका नसेला वेगळं बधिर करून पाहण्याचं इंजेक्शन असतं. चौथीला देऊन काहीच फरक पडला नाही तर ते भोक कदाचित निर्दोष. दोघांनाही हे विचारा. बाकी, नळीतून केलं तरी नसांभोवतीचं आवरण फाटून आतलं पाणी गळणं, लघवी अडणं, भूल उतरताना गोंधळणं हे ७८ ला धरून चाला. पायाचं दुखणं कमरेपेक्षा चांगलं सुधारतं. कंबर तशीच राहिली तर बाबांनी नंतर तुम्हाला बोलू नये, म्हणून हे त्यांच्यासमोरच वदवून घ्या. ठरवायचं त्यांनी आहे ना? त्यांचं म्हणणं धाग्यात कुठेच दिसलं नाही.

उंबरठा:
त्यांचं म्हणणं एवढंच की कोपऱ्यावर जाऊन परत येता आलं पाहिजे, बाकी काही करा. सोमवारची तारीख पुढे ढकलतोय. त्या इंजेक्शनचं दोघांना विचारतो, हृदयाच्या डॉक्टरांचीही वेळ घेतली.

बंडोपंत:
पट्टा मात्र घेऊन ठेवा. माझ्या गुडघ्यालाही हल्ली चढताना कटकट आवाज येतो, त्यावर कोणी सांगेल का?

पाठराखीण:
वेगळा धागा काढा.