एन. टी. राइट यांचं पौलावरचं लिखाण: सुरुवात कुठून करावी?

कवडसा
आमच्या मंडळीच्या अभ्यासगटात नव्या करारातलं पौलाचं रोमकरांस पत्र घ्यायचं आहे, दहा बैठका. सोबतीला एन. टी. राइट (नव्या कराराचे इंग्रज अभ्यासक, २००३ ते २०१० डरहमचे बिशप) यांचं लिखाण वापरायचा विचार आहे. थेट 'पॉल अँड द फेथफुलनेस ऑफ गॉड' घ्यावं का? इंग्रजी सराईतपणे वाचणारे दोघे-तिघेच, बाकी सगळे मराठी पवित्र शास्त्रावर. आणि 'नीतिमान ठरणे' याबाबत त्यांचं म्हणणं नेहमीच्या शिकवणीपासून नेमकं कुठे वेगळं होतं?

उंबरठा
त्या पुस्तकापासून नको. २०१३ साली आलेलं ते काम दोन जाडजूड पुस्तकांचं, दीड हजारांवर पानांचं आहे, आणि १९९२ च्या 'द न्यू टेस्टामेंट अँड द पीपल ऑफ गॉड'मध्ये घातलेल्या पायावर उभं आहे. तो पाया न बघता वर चढलं की कथा, प्रतीक, व्यवहार या गोष्टींकडे ते सारखे का वळतात तेच कळत नाही, आणि पुस्तक अर्ध्यात मिटतं.

पुस्तक घेताना मुखपृष्ठावरचं नाव बघा. ब्रिटिश आवृत्त्यांत साधारणपणे 'टॉम राइट' म्हणजे सर्वांसाठी आणि 'एन. टी. राइट' म्हणजे अभ्यासकांसाठी. अमेरिकन आवृत्त्यांत सोप्या पुस्तकांवरही 'एन. टी.' छापलेलं असतं, तिथे या खुणेवर विसंबू नका.

गटासाठी 'पॉल फॉर एव्हरीवन: रोमन्स' घ्या. दोन भाग आहेत, पहिल्यात अध्याय १ ते ८, दुसऱ्यात ९ ते १६. दर उताऱ्याला त्यांचं स्वतःचं भाषांतर आणि मग थोडक्यात विवेचन, म्हणजे एकाने वाचून मराठीत सांगणं सहज जमतं. चालवणाऱ्याने मात्र 'न्यू इंटरप्रिटर्स बायबल'च्या दहाव्या खंडातलं रोमकरांसवरचं भाष्य (२००२) जवळ ठेवावं. माझ्या मते पौलावरचं त्यांचं सगळ्यात घट्ट विणीचं लिखाण तेच.

सोळा अध्याय दहा बैठकांत सारखे वाटू नका. १–२ ला एक, ३ ला एक, ४ ला एक, ५–७ ला दोन, ८ ला दोन, ९–११ ला दोन, उरलेलं एकात. ९–११ घाईने उरकले तर राइट हातातून निसटलेच. देव अब्राहामाला दिलेल्या वचनाशी खरा राहिला का, हा प्रश्न पौल ३:१–४ मध्ये काढून ठेवतो आणि उत्तराला हात घालतो तो या तीन अध्यायांत. त्यांना परिशिष्ट समजायला राइट अजिबात तयार नाहीत.

पारिजात
फरक कुठे आहे ते गलतीकरांस पत्र २:११–१६ उघडलं की दिसतं. 'नीतिमान ठरणे' हे शब्द पौल त्या पत्रात पहिल्यांदा काढतो ते अंत्युखियातल्या जेवणावरून. केफा (म्हणजे पेत्र) परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता, यरुशलेमच्या याकोबाकडची माणसं आली तसा तो मागे सरला. वाद रोटीव्यवहाराचा आहे. म्हणून राइट यांच्या मते नीतिमान ठरणं म्हणजे माणूस विश्वासात कसा आला याचं वर्णन नाही. देवाच्या घरचं माणूस कोण, याचा न्यायाधीशाने दिलेला तो निकाल. त्या घरची खूण एकच, विश्वास. सुंता, खाण्यापिण्याचे नियम, शब्बाथ या खुणांवर पंगत वेगळी मांडायची नाही.

नेहमीची प्रोटेस्टंट शिकवण सांगते की ख्रिस्ताचं नीतिमत्त्व विश्वासणाऱ्याच्या नावे जमा होतं. राइट यांना ते मान्य नाही: कोर्टात न्यायाधीशाचं न्यायीपण आरोपीच्या पदरात पडत नसतं.

मराठी शास्त्र इथे एक वाट सोपी करतं आणि एक अवघड. 'ठरणे' फार नेमकं आहे. आरोपी निर्दोष ठरतो तेव्हा त्याचा स्वभाव बदललेला नसतो, निकाल लागलेला असतो. पण 'नीतिमत्त्व' म्हटलं की कानाला सदाचार ऐकू येतो. ग्रीक 'दिकायोसिने'मध्ये राइट यांना कराराशी इमान दिसतं, ते मराठीत हरवतं. 'देवाचे नीतिमत्त्व' जिथे येईल तिथे समासात पेन्सिलीने 'देवाचं दिल्या शब्दाला जागणं' लिहा आणि ओवी पुन्हा वाचा.

दुसरी जागा रोमकरांस ३:२२. मराठीत 'येशू ख्रिस्तावरील विश्वास' आहे. ग्रीकमध्ये नुसती षष्ठी आहे, 'पिस्तिस येसू ख्रिस्तू', आणि 'पिस्तिस'चा अर्थ विश्वास तसाच विश्वासूपणाही. 'वरील' हा एवढासा शब्द लावला की प्रश्न तिथेच मिटतो. राइट वाचतात ते 'ख्रिस्ताचा विश्वासूपणा'. त्यांच्या बाजूने शेजारच्याच ओव्या बघा: ३:३ मध्ये अशीच षष्ठी देवाच्या विश्वासूपणाची, ४:१६ मध्ये अब्राहामाच्या विश्वासाची. ४:१६ चा अर्थ 'अब्राहामावरील विश्वास' असा कोणी लावत नाही.

सांजवात
वरच्या दोन्ही प्रतिसादांना पुस्ती. हे सगळं सर्वमान्य आहे असं गटाला सांगू नका. ई. पी. सँडर्स (१९७७) यांच्यानंतरच्या, पौलाला त्याच्या काळच्या यहुदी धर्माच्या संदर्भात वाचणाऱ्या 'नव्या दृष्टिकोना'त राइट यांच्यासोबत धरले जाणारे जेम्स डन यांनीच ३:२२ जुन्या अर्थाने वाचलं. 'ख्रिस्ताचा विश्वासूपणा' ही बाजू रिचर्ड हेज यांनी १९८३ मध्ये लावून धरली होती. अमेरिकन पाळक जॉन पायपर यांनी २००७ मध्ये अख्खं पुस्तक लिहून राइट यांना विरोध केला, त्याला राइट यांचं उत्तर 'जस्टिफिकेशन' (२००९). ही दोन्ही जवळजवळ ठेवून वाचावीत.

आणखी एक: उद्धृत करताना साल लिहाच. शेवटच्या न्यायाबद्दल राइट आधी 'जगलेल्या आयुष्याच्या आधारावर' अशी भाषा वापरत. टीकेनंतर ते 'आयुष्याला अनुसरून' असं म्हणू लागले. जुनं वाक्य बिनसालाचं वाचून दाखवलं की 'मग कृपा कुठे गेली?' यावरच बैठक संपते.

कवडसा
फार मोलाचं. ३:२१–२६ च्या बैठकीत हे किती खोल न्यावं? ग्रीक अक्षरं कोणालाच येत नाहीत.

पारिजात
ग्रीक फळ्यावर नकोच. सहाच ओव्या आहेत, एका कागदावर दोन रकान्यांत लिहा. डावीकडे शास्त्रात छापलंय तसं. उजवीकडे फक्त दोन बदल: 'नीतिमत्त्व'च्या जागी 'शब्दाला जागणं', आणि २२ व्या ओवीत 'ख्रिस्ताच्या विश्वासूपणाने'. २६ व्या ओवीचा शेवटही तसाच दुहेरी आहे, पण तो तोंडी सांगा, कागदावर गर्दी होते. दोघांनी एकेक रकाना मोठ्याने वाचावा आणि मगच चर्चा सुरू करावी.

'मग आपण विश्वास ठेवायचा की नाही?' हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा २२ व्या ओवीतलेच पुढचे शब्द दाखवा, 'विश्वास ठेवणाऱ्या सर्वांसाठी'. ते दोन्ही रकान्यांत जसेच्या तसे आहेत.