मदत हवी आहे: घर आणि गाडीची शेड जोडायचीय, मध्ये ११ फूट आणि पश्चिमेचा वारा

माडाखालचा:

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमचं गावचं घर आहे. आजोबांच्या वेळचं, मातीत बांधलेला चिरा (जांभा दगड), वर मंगलोरी कौलं. गाडीसाठी त्याच्या उत्तरेला नंतर वेगळी शेड घातली, १२ बाय २० फूट, सिमेंटातला चिरा, वर पत्रा. दोहोंच्या मध्ये ११ फूट अंगण आहे.

आईला आता वॉकर लागतो. पावसाळ्यात तिला गाडीपर्यंत न्यायचं म्हणजे वरातच निघते. एकजण छत्री धरतो, एकजण वॉकर, एकजण आईला, आणि गाडीत बसेपर्यंत चौघंही भिजलेले. बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या घरापासून गराजपर्यंत छप्पर घातलेली, दोन्ही बाजूंनी मोकळी वाट आहे, तिला ती ब्रीझवे म्हणते. फोटो बघून आईच म्हणाली, "असं करा की."

मापं अशी. घराचं जोतं अंगणापासून दीड फूट. शेडची जमीन अंगणाच्या ४ इंच वर. पडवीची वळचण अंगणापासून ८ फुटांवर, म्हणजे पडवीत साडेसहाच. मधली जागा पूर्व-पश्चिम आरपार मोकळी आहे आणि झड पश्चिमेकडून येते.

फॅब्रिकेटर म्हणतो, एक टोक घराच्या भिंतीत घुसवू, दुसरं शेडला वेल्ड करू, वर पत्रा, एका दिवसात काम. मला धास्ती वाटते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानंतर शेजाऱ्याच्या गोठ्याचा पत्रा आमच्या माडातून मी स्वतः काढलाय.

तर, पत्रा घालू की कौलं? झड कशी अडवायची? की दोन्ही बाजूंना सरकत्या खिडक्या लावून सगळं बंदच करून टाकू?

आगरवाडी:

कौलांचा मोह सोडा. आमच्याकडे वांदरांनी निम्मी फोडली, आता कौलं बसवणारा माणूसही मिळत नाही.

माहेरवाशीण:

एवढा खटाटोप कशाला? पाऊस असेल तेव्हा गाडीच पडवीला आणून लावा ना.

माडाखालचा:

ताई, दोन पावसाळे तेच केलं. जुलैत चाक अंगणात रुततं. आणि दीड फुटाच्या पायऱ्या उरतातच.

निवृत्त ओव्हरसियर:

तुम्ही छपराबद्दल विचारताय, पण खरी अडचण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. आधी पायाखालचं बघू.

वॉकर किंवा उद्या चाकाची खुर्ची आली, तर उतार १ ला १२ पेक्षा चढा नको. शेडच्या जमिनीपासून जोत्यापर्यंत चढ १४ इंच, म्हणजे १४ फूट लांबी हवी. तुमच्याकडे ११ आहेत. ११ फुटांतच बसवाल तर उतार १ ला साडेनऊच्या आसपास जाईल. धडधाकट माणसाला कळणारही नाही, आईंना उतरताना कळेल.

म्हणून उतार शेडच्या आत सुरू करा. शेड २० फूट खोल, गाडी साधारण १३ फूट, म्हणजे मागच्या भिंतीलगत सात फुटांचा पट्टा रिकामा असणार (तिथे आत्ता सुकी लाकडं आणि जुनं कपाट असेल, ते हलवा). त्या पट्ट्यात आधी पाच फूट सपाट जागा, मग तीन फूट उतार, शेडच्या भिंतीत दार, पुढे अंगणातले ११ फूट. चौदा झाले. वरचं सपाट टोक म्हणजे तुमची पडवीच. मात्र हा पट्टा पडवीच्या समोर यायला हवा. रुंदी आतून पाच फूट ठेवा, दोन्ही बाजूंना कठडा. जमिनीला गुळगुळीत फरशी नको, दुसऱ्या पावसाळ्यात शेवाळ धरते. खडबडीत चिरा किंवा काँक्रीटवर खराटा ओढलेला बरा. आणि उतार शेडकडे असल्यामुळे उडून आलेलं पाणी शेडमध्ये वाहणार, तेव्हा दाराच्या अलीकडे आडवी नाली, वर जाळी.

आता छप्पर. घराच्या भिंतीला हात लावू नका. मातीतल्या चिऱ्यात ठोकलेला बोल्ट चिऱ्यासकट बाहेर येतो. शिवाय जुनं घर कधीच बसून स्थिर झालंय, शेड त्यामानाने नवी. दोघांना एकाच लोखंडाने बांधलंत की जे हलेल ते दुसऱ्याला ओढेल. चार खांब स्वतंत्र घाला.

वळचणीखाली छप्पर घुसवलंत तर घराच्या टोकाला डोकं आपटेल. ते वळचणीच्या फूटभर वरून न्या आणि पडवीच्या कौलांवर दीड फूट पुढे येऊ द्या, कौलांना न टेकवता. कौलांवरचं पाणी तरीही वळचणीला येणारच, म्हणून तेवढ्या लांबीत पन्हळ लावा आणि पाणी बाजूला काढा. शेडकडेही पत्र्यावर तसंच, न चिकटवता. उंचीचं गणित बघता इथे कौलं जमतच नाहीत. कौलांना पुरेसा उतार द्यायचा तर एक कड डोक्याखाली येते. एकपाखी (एकाच बाजूला उतरता) पत्रा घाला, खालची कड पश्चिमेला, वारा येतो तिकडे.

आणि हे जरा बसून वाचा. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, वर्ग करा, ०.६ ने गुणा, दाब न्यूटन प्रति चौरस मीटर मिळतो (आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागातलं सूत्र). ४० चा वेग म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. दाब ९६०, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९८ किलो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन तेवढ्या जागेत पाच किलोही भरत नाही. तुमचं छप्पर ८ बाय १३ धरलं तर जवळजवळ दहा चौरस मीटर, म्हणजे वर खेचणारी ताकद हजार किलोच्या घरात. खुल्या छपराला यातला किती दाब धरायचा ते आकारानुसार कमीजास्त होतं, पण अंदाज हाच. त्यात दोन इमारतींच्या फटीत वारा आणखी चेपला जातो. छप्पर पडू नये याची काळजी सगळे करतात. तुम्हाला ते उडू नये याची करायचीय. खांबाला दोन बाय दोन, अडीच फूट खोल खड्डा, त्यात प्रत्येकी ६८० किलोच्या आसपास काँक्रीट बसतं. आधीच कातळ लागला तर कातळात भोक पाडून सळ्या रोवा. खांब गॅल्व्हनाइज्ड, पायथा जमिनीपासून सहा इंच उचललेला. खारा वारा पाइपला बुडातूनच खातो.

एनजेकर:

इथे न्यू जर्सीत खांबाचा पाया गोठणाऱ्या मातीच्या खाली न्यावा लागतो, आमच्याकडे तीन फुटांच्या आसपास. तुम्हाला ती कटकट नाही. पण खिडक्या लावून बंद करायचं मनातून काढा. गराज वेगळं ठेवण्यातला एक फायदा म्हणजे इंजिनाचा धूर घरात येत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. बंद केलंत की ती वाट धुराचा बोगदा होते.

आगरवाडी:

झडीसाठी आमचा उपाय सांगतो. पश्चिमेला साडेतीन फूट चिऱ्याची जाळी, एक आड एक चिरा रिकामा. त्याच्या वर जूनमध्ये झापं (विणलेल्या माडाच्या झावळ्या) बांधायची, दिवाळीआधी सोडायची. हल्ली शेडनेटही चालते. वारा येतो, थेंब फुटतो. सलग भिंत बांधलीत तर सगळा वारा पत्र्याला खालून उचलणार, वर ओव्हरसियर काकांनी आकडा दिलाच आहे.

निवृत्त ओव्हरसियर:

बरोबर. झापं सुतळीनेच बांधा, तारेने नको. वादळात सुटून गेली तर जाऊ देत. आणि ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या, नमुना ८ ला (पंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत) बांधकाम वाढलेलं दिसेल.

माडाखालचा:

सगळ्यांचे आभार. काल दोरी धरून आखणी केली. शेडमधलं कपाट खरंच होतं (लाकडंही). सात फुटांचा पट्टा पडवीच्या टोकासमोर येतोय, आईला त्या रेषेवरून चालवूनही पाहिलं. ती म्हणाली, कठडा लाकडी हवा, लोखंड पावसात गार लागतं.

एकच घोळ. घराकडचा पश्चिमेचा खांब नेमका सेप्टिक टाकीच्या झाकणावर येतोय. दीड फूट पूर्वेला घेऊ का?

निवृत्त ओव्हरसियर:

पूर्वेला घेतलात तर वॉकरची रुंदी जाईल. उत्तरेला, शेडच्या दिशेने सरकवा, टाकीच्या भिंतीपासून तीन फूट तरी लांब. समोरचाही तेवढाच सरकवा आणि घराच्या बाजूला छप्पर टांगतं राहू दे. मात्र टांगत्या भागाला वारा जास्त झोंबतो, तेव्हा वरची आडवी पाइप जाड लागेल. टाकीचं माप आणि झाकणाचा फोटो टाका, मग किती जाड ते सांगतो.