गाडी फक्त शाळा आणि भाजीपुरती, बॅटरी सारखी उतरतेय

कोथरूडकर_७७
मंडळी, जरा मदत हवीये. पेट्रोल हॅचबॅक, ३५ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी, अजून तीन वर्षं पण झाली नाहीत. घरूनच काम असल्यामुळे गाडी म्हणजे पोरीला शाळेत सोडायचं नि येताना भाजी, जाऊन येऊन ४-५ किलोमीटर, त्यातला निम्मा वेळ कर्वे रोडच्या सिग्नलला एसी लावून उभं. शनिवार-रविवार गाडी जागेवरच. सोमवारी सेल्फ मारला की कुंथत कुंथत चालू होते, परवा तर नुसतीच टकटक, शेवटी वॉचमन आणि दूधवाल्याला घेऊन धक्का मारला. बॅटरीवाला म्हणतो बदलून टाका, मेकॅनिक म्हणतो डायनॅमो (इंजिनवर चालून बॅटरी भरणारा) उघडून बघू, सासरे म्हणतात रोज सकाळी १० मिनिटं चालू करून ठेवत जा. कोणाचं ऐकू? चार-पाच हजार उगाच घालवायचे नाहीयेत.

माजी_गॅरेजवाला
सासऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका (मी सांगितलं असं घरी बोलू नका). उभ्या गाडीत आयडलला डायनॅमो जेमतेम देतो, त्यात एसी, पंखा, लाइट चालू असले की बॅटरीच्या वाट्याला काय राहणार, पेट्रोल मात्र जातं. आधी साधा मल्टिमीटर आणा. रात्रभर गाडी उभी राहू द्या, सकाळी दार उघडायच्या आत, म्हणजे बॉनेट आदल्या रात्रीच नुसतं टेकवून ठेवा, थेट बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे बोंब. मग गाडी चालू करून बघा, १३.८ ते १४.५ मिळालं तर डायनॅमोला हात पण लावू देऊ नका. नवीन काही गाड्यांत डायनॅमो मुद्दाम कमी-जास्त होतो, तिथे एका रीडिंगवर जाऊ नका. आणि टर्मिनलवर पांढरं-हिरवं काही जमलंय का ते पण बघा, निम्म्या केसेस तिथेच सुटतात.

सुट्टे_पैसे
एवढा खटाटोप कशाला राव, नवीन टाका नि मोकळे व्हा. आमच्याकडे तीन वर्षं टिकली म्हणजे पैसे वसूल, पुण्याच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या अशाच जातात.

वायरमन_नाशिक
@सुट्टे_पैसे उन्हाने आयुष्य कमी होतं हे खरंय, पण हीच सवय राहिली तर नवीन पण दीड-दोन वर्षांत बसेल.

सगळ्यांना वाटतं सेल्फ मारण्यात बॅटरी संपते, पण जरा हिशोब करा. सेल्फ समजा १५० अँपिअर घेतो, तीन सेकंद, म्हणजे जेमतेम ०.१२ एएच. आता गाडी लॉक करून ठेवलीय तरी अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर मिळून ४० मिलीअँपिअर ओढत असतील तर दिवसाला जवळपास १ एएच. म्हणजे एका सेल्फच्या आठपट नुसतं उभं राहून. त्यात वरून लावलेला डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल नि अडीचशे मिलीअँपिअर घेत असेल तर दिवसाला ६ एएच, दोन दिवसांत तुमची एक तृतीयांश बॅटरी गायब! आणि लेड ॲसिड बॅटरी घाईने भरत नाही, शेवटचा २० टक्के भाग भरायला तासनतास लागतात, १० मिनिटांत काय होणार. अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं नि मग चार्ज करूनही पूर्वीसारखी होत नाही.

तुम्ही वरून काय काय लावलंय ते सांगा.

कोथरूडकर_७७
आज सकाळी १२.१८. चालू केल्यावर १४.२. निगेटिव्ह टर्मिनलला मिठासारखा थर होता. वरून लावलेलं म्हणजे ओबीडीला (स्टिअरिंगखालचं तपासणीचं सॉकेट) जीपीएस ट्रॅकर, विकणाऱ्याने 'बॅटरी खात नाही' म्हणून ठासून सांगितलं होतं…

वायरमन_नाशिक
तो काढा आधी, ते सॉकेट किल्ली काढली तरी चालूच असतं. खात्री करायची तर निगेटिव्ह वायर सोडवून मीटर १० अँपिअरवर मध्ये जोडा. दारं बंद, बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून 'बंद' करा, किल्ली लांब ठेवा (पण काच खाली असू द्या, गाडी स्वतःच लॉक झाली तर पंचाईत), आणि अर्धा तास थांबा, लगेचचं रीडिंग मोठंच दिसतं. ५० मिलीअँपिअरच्या आत आलं तर ठीक, नाहीतर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला तो चोर. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

माजी_गॅरेजवाला
डायनॅमो ठणठणीत आहे, मेकॅनिकला नमस्कार सांगा. टर्मिनल गरम पाणी नि खाण्याच्या सोड्याने धुवा, सुकवून घट्ट करा, वरून व्हॅसलीन. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. झाकणं उघडणारी असेल तर पाणी बघा, कमी असेल तर प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड घाला, ॲसिड नाही, नळाचं तर नाहीच. मग ३-४ अँपिअरच्या ऑटोकट (भरली की आपोआप बंद होणाऱ्या) चार्जरवर रात्रभर. दुसऱ्या दिवशी लोड टेस्ट करून घ्या, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीवाला बरोबर होता, वॉरंटी कार्ड शोधा.

कोथरूडकर_७७
पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नाही हो, तिसऱ्या मजल्यावर बॅटरी वर आणली तर चालेल का?

माजी_गॅरेजवाला
चालेल, पण गॅलरीत ठेवा, स्वयंपाकघरात किंवा देव्हाऱ्याजवळ नको, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, ठिणगीने पेटू शकतो. जिन्यात आडवी धरू नका आणि जुनी पँट घाला.