३सी-२७३ या क्वेसारची (दूरच्या दीर्घिकेच्या तेजस्वी केंद्राची) ताम्रसृती (प्रकाश लाल बाजूला किती सरकला ते) घरच्या दुर्बिणीतून मोजायची आहे

प्रश्न: २०० मिमी दुर्बीण, १०० रेषा/मिमी ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फाकवणारी बारीक रेघांची काच) आणि रंगीत कॅमेरा. वर्णपट उमटतो, पण ७६० नॅनोमीटरला एच-अल्फाचा (हायड्रोजनच्या लाल रेषेचा) उंचवटा सापडत नाही. चूक कुठे?

प्रतिसाद १: आधी कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड रोखणारा फिल्टर बघा, तो ७०० च्या पुढचं सगळं खातो. तो काढला तरी गोची आहेच. एच-अल्फाची मूळ तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर, तिला १.१५८ ने (१ अधिक या क्वेसारची ताम्रसृती) गुणलं की ७६० येतं, आणि नेमका तिथेच आपल्या वातावरणातल्या ऑक्सिजनचा जाड शोषणपट्टा आहे. एच-अल्फाचा नाद सोडा, हायड्रोजनचीच दुसरी रेषा, एच-बीटा, धरा. ४८६.१ ची रेषा ५६३ च्या आसपास येते. ५६३ भागिले ४८६.१, वजा १ : ०.१५८. खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये याच हायड्रोजनच्या रेषा ओळखल्या होत्या.

प्रतिसाद २: टोकदार रेषा शोधू नका. कृष्णविवराजवळचा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतो, म्हणून रेषा पसरून बुटकी टेकडी होते. तिचा मध्य घ्या. २ नॅनोमीटर चुकलात तरी ताम्रसृतीत फरक ०.००४ चाच.

फोकस ग्रेटिंगमधून न फाकता येणाऱ्या ताऱ्याच्या ठिपक्यावर नको, वर्णपटावर करा. कन्या राशीतला ईटा तारा जवळच आहे, क्वेसार त्याच्या ईशान्येला साडेतीन अंशांवर. ईटाच्या हायड्रोजन रेषा काळ्या, रेखीव दिसेपर्यंत फोकस फिरवा, त्याच फ्रेमवरून मोजपट्टीही (चित्रात कुठे किती नॅनोमीटर ते) बसवा. मग ग्रेटिंगला हात लावू नका.

प्रतिसाद ३: क्वेसारची प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका अंधुक) १३ च्या जवळ, तेव्हा ३० सेकंदांच्या ६० तरी फ्रेम जोडा. शेजारच्या ताऱ्याचा पट्टा क्वेसारच्या वर्णपटावर येत असेल तर ईटावर मोजपट्टी बसवण्याआधीच ग्रेटिंग फिरवून घ्या, नंतर तो वेगळा काढता येत नाही.