मदत हवी आहे : १८३५ च्या पाव आण्याची कड टाकसाळीतच गेली की नंतर कापली?

नमस्कार मंडळी. जुन्या बाजारातून ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा तांब्याचा पाव आणा घेतला. ‘कंपनी’ शब्दाच्या वरची कड अर्धगोल तुटलेली आहे. विकणारा म्हणाला, "साहेब, मिंट एरर आहे," म्हणजे टाकसाळीतच झालेली चूक, आणि भाव चढवला. (तिथे ठेचलेलं प्रत्येक नाणं एररच असतं म्हणा!)

सोनाराच्या काट्यावर वजन ६.१ ग्रॅम भरलं. मूळ साधारण ६.४८ हवं. कापलेल्या भागाचा रंग बाकी नाण्यासारखाच काळपट, भिंगातून कानशीचे ओरखडे दिसत नाहीत. पत्र्यातून चकती पाडताना आधीच्या चकतीच्या भोकावर कापणारा पंच पडला असेल, तर कापाच्या बरोबर समोरच्या बाजूची कड नीट उठत नाही, एवढं माहीत आहे. माझ्या नाण्यात ती कड पुसट आहे खरी, पण नाणंच इतकं झिजलंय की ती झीज म्हणावी की पुरावा?

शिवराई असती तर विचारलंही नसतं, हातानं पाडलेल्या नाण्याला कसली आलीय एरर! हे मात्र यंत्रावरचं. कापाजवळची अक्षरं कडेकडे किंचित ओढल्यासारखी दिसतात, त्यावरून काही ठरवता येईल का? पुण्यात कुणी प्रत्यक्ष पाहून सांगणार असेल तर नाणं घेऊन येतो.