अनुदानाची शेवटची तारीख कशाला लावायची: अर्जाला, की चालू झालेल्या यंत्राला?

वाफाळ (धागाकर्ता)
ब्रिटनची बिगर-घरगुती 'रिन्युएबल हीट इन्सेंटिव्ह' योजना नोव्हेंबर 2011 मध्ये सुरू झाली आणि 31 मार्च 2021 ला नव्या अर्जांसाठी बंद झाली. कारखाना, हॉटेल, शाळा यांनी बायोमास बॉयलर (लाकूडफाट्यासारखं इंधन जाळणारा) किंवा हीट पंप (जमिनीतली वा हवेतली उष्णता ओढून घेणारं यंत्र) बसवायचा आणि वापरलेल्या उष्णतेच्या दर युनिटमागे ठरलेला दर 20 वर्षं घ्यायचा, अशी ती योजना.

मला खटकतो तो तिचा मूळ नियम. आधी यंत्रणा बसवा, चालू करा, मग नोंदणी मागा. दर मिळणार नोंदणीच्या वेळचा. शिवाय मागणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की नव्या अर्जांचा दर प्रत्येक तिमाहीत कमी होऊ शकायचा. म्हणजे भांडवल आज घाला, भाव नंतर कळेल. मोठ्या हीट पंपाचे बोअर, बांधकाम परवानगी, वाढीव वीजजोडणी यांतलं बरंचसं मालकाच्या हातात नसतंच. मुदत लावायची तर गुंतवणुकीच्या निर्णयाला लावा, काम संपण्याला नको.

हिशेबनीस
असहमत. नुसत्या अर्जावर दर राखून ठेवला तर लोक कागदी प्रकल्प टाकून जागा अडवतात. तिजोरीला पुढच्या 20 वर्षांचा बोजा आज मोजायचा असतो. उद्या निम्मे अर्जदार बॉयलर बसवणारच नसतील, तर तो आकडा काय कामाचा? चालू यंत्राचं मीटर खोटं बोलत नाही.

शेगडी
मीटर खोटं बोलत नाही हे खरं, पण शहाणपणाचंही बोलत नाही. उत्तर आयर्लंड आठवा. तिथली वेगळी योजना 2012 ची. छोट्या बायोमास बॉयलरला युनिटमागे 5.9 पेन्स, आणि लाकडी गोळ्यांचा खर्च त्याहून कमी. जेवढं जाळाल तेवढा नफा! ग्रेट ब्रिटनमध्ये वर्षाला पहिल्या 1,314 तासांइतक्या (वर्षाच्या 15 टक्के) वापरालाच वरचा दर होता, पुढे खालचा. हा टप्पा आणि मागणीनुसार दर उतरवण्याची सोय, दोन्ही उत्तर आयर्लंडमध्ये गाळली गेली. नोव्हेंबर 2015 मध्ये दर कापला जाणार असं कळल्यावर शेकडो अर्ज येऊन आदळले. फेब्रुवारी 2016 च्या अखेरीस दुकान बंद. जानेवारी 2017 मध्ये याच प्रकरणावरून उत्तर आयर्लंडचे उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला, तिथलं सरकार कोसळलं.

मुदत आधी सांगितली की झुंबड उडते, एवढाच माझा मुद्दा.

हिशेबनीस
शेगडी, झुंबड तारखेमुळे नाही, दरामुळे उडाली. दर इंधनापेक्षा स्वस्त ठेवला असता तर तारीख जाहीर करूनही कोणी धावलं नसतं. दोष मुदतीच्या माथी मारू नका.

वाफाळ
यावर मी हिशेबनीसांशी सहमत (घ्या, झालं!). पण कागदी प्रकल्पांवर उपाय होता. 2018 मध्ये ब्रिटनच्या योजनेत 'टॅरिफ गॅरंटी', म्हणजे दराची हमी, आली. योजना चालवणाऱ्या ऊर्जा नियामक ऑफजेमकडे आधी अर्ज, मग पैशाची तजवीज पक्की झाल्याचा पुरावा, तो दिला की दर राखीव, आणि काम संपल्यावर अंतिम नोंदणी. पुरावा नाही तर जागा सोडा. मग ही सोय पहिल्या दिवसापासून का नव्हती?

भूगर्भी
आणि सगळ्यांना का नव्हती? हीट पंपाला ती 100 किलोवॉटच्या वरच, बायोमास बॉयलरला 1 मेगावॉटच्या वर. ज्याच्याकडे वकील आणि सल्लागार ठेवायची ऐपत आहे त्याला हमी. 60 किलोवॉटचा पंप बसवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाने दराचा जुगार खेळायचा. बोअरचं यंत्र मिळेना की लहान माणसाचा दर घसरणार. मोठ्याचा प्रकल्प रखडला तरी भाव शाबूत.

ताळेबंद
थोडं थांबा. करोनात मुदतीआधी अर्ज करणाऱ्यांना वर्षभराची वाढ मिळाली, त्यात हमी नसलेलेही होते. हमीवाल्यांची कमिशनिंगची (यंत्रणा चालू करण्याची) तारीख तर आधी मार्च 2022 आणि मग मार्च 2023 पर्यंत सरकली. माझा आक्षेप उलटा आहे. एकदा मुदत हलली की पुढच्या योजनेत ठेकेदार धरूनच चालतात की हलणार. ज्याने रात्रंदिवस राबून वेळेत काम संपवलं, त्याला काय मिळालं? घाईगर्दीचे दर देऊन बसवलेला बॉयलर.

भूगर्भी
ताळेबंद, त्या वाढीला साथीचं कारण लागलं. वीजजोडणीला वितरण कंपनीने सहा महिने जास्त लावले तर कोणती वाढ मिळते? योजनेबाहेरच्या उशिरासाठी आपोआप तेवढेच दिवस वाढवून द्या, उशीर कंपनीच्या पत्रावर तारखेसकट दिसतोच. त्यात तिजोरीचं नुकसान कुठे, ते हिशेबनीसांनी दाखवावं.

हिशेबनीस
दाखवतो. तशी पत्रं मागणारे शंभर निघाले की बंद होण्याची तारीखच उरत नाही, आणि 20 वर्षांचा बोजा मोजायला मी बसतो ते पुन्हा पहिल्यापासून. कमाल तीन महिने आणि एकदाच, एवढी अट घालत असाल तर बोलू.