ढिगाऱ्याखालचं हसू

बेसबॉलमध्ये मोठा कोण, बॅरी बाँड्स की केन ग्रिफी ज्युनियर? आकड्यांत बाँड्स ग्रिफीच्या पुढे, हे मान्य. पण लहानपणी आवडता खेळाडू आकडे बघून थोडाच ठरतो! आम्ही सिएटलची पोरं टोपी उलटी घालायचो ती ग्रिफीमुळेच, आईची बोलणी खाऊन. ८ ऑक्टोबर १९९५, आमच्या सिएटल मरिनर्सचा न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचा प्लेऑफमधला निर्णायक पाचवा सामना, अकरावी इनिंग, म्हणजे डाव. आमच्या एडगर मार्टिनेझने डावीकडे चेंडू मारला आणि ग्रिफी पहिल्या बेसवरून जो सुटला तो थेट होमवर, विजयी धाव! सगळे त्याच्या अंगावर कोसळले, आणि त्या ढिगाऱ्याखालून दिसलेलं त्याचं ते हसू... २००० साली तो सिनसिनाटीच्या संघात गेला तेव्हा मी आठवडाभर रुसलो होतो. मरिनर्सचं काय सांगायचं, २०२५ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, एका सामन्याने हुकली. टोपी अजून कपाटात आहे.